बटाट्याचे डोळे

आज भाजी चिरताना लेकीनं विचारलं, "बटाटा म्हणजे मूळ ना गं?" हो म्हणणार, तेवढ्यात हातातल्या बटाट्याच्या डोळ्यातून फुटलेला जांभळट कोंब दिसला. मूळ कसलं, चक्क खोड! रताळं मात्र खरंच मूळ.

मग चिरणं राहिलं बाजूला. फ्लॉवर म्हणजे कळ्या होण्याआधीच थबकलेला फुलोरा. तो, कोबी, ब्रोकोली आणि नवलकोल एकाच जातीची भावंडं (नवलकोलचं मला अजून पटत नाही!). बटाटा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला, मिरची मेक्सिकोकडची. १४९२ मध्ये कोलंबस अमेरिकेत पोचला, त्याआधी युरोप-आशियात दोघांना कुणी ओळखतही नव्हतं. वांगं मात्र आशियातलंच.

गाजरं आधी जांभळी-पिवळी होती म्हटल्यावर लेक म्हणाली, "मग केशरी कुणी रंगवली?"

भाजी अजून अर्धीच चिरून झालीय.