जुलैत आमचं एनआयआर मॉडेल का चुकलं

गोव्यात वेर्ण्याला एका फार्मा कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, होते तेव्हाची गोष्ट. पॅरासिटामॉल ५०० च्या गोळीतलं औषध एचपीएलसीऐवजी (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) एनआयआरवर (जवळच्या अवरक्त प्रकाशावर चालणारं यंत्र) मोजता येतं का ते बघायचं काम माझ्याकडे आलं. एचपीएलसीला गोळी कुटा, विरघळवा, सोनिकेटरला लावा, गाळा, मग इंजेक्शन, दहा गोळ्यांची कंटेंट युनिफॉर्मिटी, म्हणजे प्रत्येक गोळीत औषध सारखं आहे का ते बघणं, यात दिवस गेलाच समजा, आणि इथे अख्खी गोळी खाचेत ठेवली की अर्ध्या मिनिटात स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला त्याचा आलेख, गोळी शाबूतच. मी तर हरखूनच गेले होते.

पण मशीनला आधी शिकवावं लागतं. मार्चमध्ये ठरलेल्या औषधाच्या ८० ते १२० टक्क्यांपर्यंत पाच लेव्हलचे छोटे ब्लेंड (औषध आणि भरावाची मिश्रणं) केले, हातप्रेसवर गोळ्या काढल्या, प्रत्येक गोळीचा आधी स्पेक्ट्रम घ्यायचा आणि मग तीच गोळी एचपीएलसीला द्यायची. एसएनव्ही (प्रकाश विखुरल्याने स्पेक्ट्रममध्ये येणारा फरक काढणं) करून पीएलएस (स्पेक्ट्रमवरून औषधाचं प्रमाण काढणारं गणित) चालवलं तर एनआयआर विरुद्ध एचपीएलसीची रेघ इतकी सरळ आली की संध्याकाळी घरी फोन करून सांगितलं.

जुलैत प्रॉडक्शनची बॅच लावली, एनआयआर म्हणतंय ९४ टक्के आणि एचपीएलसी ९९. परत केलं, तेच. दिवा बदलला, रेफरन्स परत घेतला, काही फरक नाही. दोन रात्री धड झोप लागली नाही, कारण हे आकडे धरले असते तर चांगल्या बॅचवर शंका आली असती, आणि उद्या हेच उलटं होऊन कमी औषधाची गोळी पास झाली तर?

आमच्या मॅडम म्हणाल्या, "अगं, मॉडेल नेमकं कुठे बघतंय ते बघितलंस का?"

कोएफिशियंटचा प्लॉट काढला, म्हणजे मॉडेल कुठल्या तरंगलांबीला किती महत्त्व देतंय त्याचा आलेख. पॅरासिटामॉलच्या बेंझिन रिंगचा पट्टा १६५० ते १६८० नॅनोमीटरच्या आसपास येतो, तिथे जेमतेम उंचवटा, आणि १९४० ला भलामोठा खड्डा. १९४० म्हणजे पाणी! मग डोक्यात लख्ख पडलं. माझ्या ब्लेंडमध्ये औषध कमी केलं की तेवढं सेल्युलोज, म्हणजे गोळीतला भराव, वाढत होतं, सेल्युलोज पाणी धरून ठेवतं, म्हणजे मॉडेल शिकलं काय, तर पाणी जास्त म्हणजे औषध कमी. आणि जुलैच्या गोळ्या उघड्या ट्रेमध्ये पावसाळी हवेत तासभर पडून होत्या.

मग सगळं परत. या वेळी लॅक्टोज (हाही भरावच) आणि सेल्युलोजचं प्रमाण औषधाशी न जुळेल असं फिरवलं, काही गोळ्या डेसिकेटरमध्ये (कोरड्या हवेच्या बंद भांड्यात), काही मिठाच्या संपृक्त द्रावणावर, म्हणजे साधारण ७५ टक्के आर्द्रतेत ठेवल्या, १९४० चा भाग कापला आणि एकमेकांवर चढलेले पट्टे वेगळे दिसावेत म्हणून स्पेक्ट्रमचं सेकंड डेरिव्हेटिव्ह घेतलं. प्रॉडक्शनच्या गोळ्याही सेटमध्ये घातल्या, कारण मोठ्या मशीनचा दाब आमच्या हातप्रेससारखा नसतो. पाच आठवडे गेले त्यात. रेघ पहिल्याइतकी देखणी आली नाही, पण ऑगस्टच्या भर पावसातली बॅच लावली तेव्हा एनआयआर ९८.६ आणि एचपीएलसी ९९.१.