ठाण्यात राहून टेक बाइंडिंग सांभाळताना

गुलमर्गच्या गोंडोलाने, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या पाळण्याने, वर जाऊन उतारावरून घसरत खाली येणे वेगळे आणि स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे चढताना मागे घसरू न देणारी पट्टी, चिकटवून, स्वतःच्या पायांनी डोंगर चढून मग खाली येणे वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला स्की टूरिंग म्हणतात. त्यात बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या बाइंडिंगला चढताना टाच मोकळी सोडावी लागते, उतरताना तीच टाच घट्ट धरावी लागते आणि आपण वेडेवाकडे पडलो तर गुडघ्याला इजा होण्याआधी बूट सोडूनही द्यावा लागतो. ही सगळी कामे करणारे टेक बाइंडिंग मी नौपाड्यातल्या घरी बसून निवडले, वागळे इस्टेटमध्ये स्कीवर बसवून घेतले, सोसायटीच्या गच्चीवर वापरायला शिकलो आणि आता दर पावसाळ्यात गंजापासून राखतो. ज्यांना स्कीचे दुकान हाताशी नाही, त्यांना या अनुभवाचा काही उपयोग व्हावा म्हणून तो येथे सविस्तर मांडत आहे.

टेक बाइंडिंगची मूळ कल्पना ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांची, 1980 च्या दशकातली. पुढे डायनाफिट कंपनीने ती बाजारात आणली. त्याआधीच्या फ्रेम बाइंडिंगमध्ये प्रत्येक पावलागणिक बुटाबरोबर एक अख्खी चौकट उचलावी लागे आणि तिची जोडी दोन-अडीच किलोंपर्यंत जाई. बार्थेल यांनी चौकटच काढून टाकली आणि कडक तळाच्या बुटालाच चौकटीचे काम दिले. बुटाच्या चवड्याशी दोन्ही बाजूंना पोलादी खोबण्या असतात, त्यांत टो-पीसच्या, म्हणजे बाइंडिंगच्या पुढच्या भागाच्या, दोन पिना स्प्रिंगच्या जोराने चिमट्यासारख्या बसतात. टाचेला मागे एक पोलादी पट्टी असते, तिच्या खाचांत हील-पीसच्या, म्हणजे बाइंडिंगच्या मागच्या भागाच्या, दोन पिना शिरतात. चढताना हील-पीस फिरवून ठेवले की टाच मोकळी होते आणि बूट पुढच्या दोन पिनांवर बिजागरीसारखा हलतो.

रचना साधी असली तरी तिच्या मर्यादा समजून घेतल्याशिवाय पैसे खर्च करू नयेत, असे माझे मत आहे. जुन्या पद्धतीच्या टेक बाइंडिंगमध्ये बूट सुटण्याच्या दोन्ही दिशांची, म्हणजे पुढे पडताना वर आणि वळताना बाजूला सुटण्याची, ताकद हील-पीसवरच ठरते. पुढच्या भागाला ती कमी-जास्त करण्याची सोयच नसते. फ्रिची व्हिपेकसारख्या काही बाइंडिंगमध्ये बाजूला सुटण्याचे काम पुढच्या भागाकडे दिलेले असते, परंतु त्यांचे वजन आणि भागांची संख्या दोन्ही वाढतात. स्की रिसॉर्टवरच्या नेहमीच्या बाइंडिंगमध्ये बूट थोडा सरकून पुन्हा जागेवर येण्याची जी लवचीकता असते, ती टेकमध्ये कमी असते. मी पन्नाशी ओलांडलेली आहे, उड्या मारत नाही आणि वेगाचा हव्यास मला नाही, म्हणून कमी भागांचे, हाताने उघडून पाहता येईल असे साधे बाइंडिंग मी घेतले. दुरुस्तीची जबाबदारी स्वतःवरच असणार असेल, तर जितके कमी भाग तितके बरे.

खरा प्रश्न ते स्कीवर बसवण्याचा होता. परदेशात हे काम दुकानदार धातूच्या जिगवर, म्हणजे भोकांच्या जागा नेमक्या दाखवणाऱ्या साच्यावर, करून देतात. माझ्याकडे कंपनीचा कागदी साचा आणि वागळे इस्टेटमधल्या एका लेथवाल्या काकांची ओळख एवढेच होते. बहुतेक स्कीवर ड्रिलचे माप छापलेलेच असते: आत धातूचा पत्रा असेल तर 4.1 मि.मी., नुसता लाकडी गाभा असेल तर 3.6 मि.मी., आणि खोली साधारण 9 ते 9.5 मि.मी. काकांचा पहिला प्रश्न रास्त होता, "साहेब, खाली आणखी किती माल शिल्लक राहतो?" फारसा राहत नाही, ड्रिल जरा जास्त आत गेले तर स्कीच्या तळाला फोड येतो किंवा भोकच पडते. त्यांनी ड्रिलच्या बिटावर पितळेची एक बारीक कॉलर बसवून दिली, जी ठरलेल्या खोलीला टेकली की बिट पुढे जाऊच शकत नाही. शिवाय ड्रिल तिरके जाऊ नये म्हणून पोलादाच्या ठोकळ्यात एक सरळ भोक पाडून दिले. आधी टाकाऊ फळीवर ते पारखले आणि मगच स्कीला हात लावला.

कागदी साच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवून सगळी भोके एकदम पाडू नयेत. आधी फक्त टो-पीस बसवावे, मग त्यात बूट अडकवून टाच स्कीवर खाली आणावी आणि टाचेच्या खाचा स्कीच्या मध्यरेषेवर येतात का ते पाहावे; त्यानंतरच हील-पीसच्या जागेच्या खुणा कराव्यात. टाच एका बाजूला दीड-दोन मि.मी. जरी सरकली, तरी बूट डावीकडे आणि उजवीकडे वेगवेगळ्या ताकदीने सुटेल. पत्र्याच्या स्कीत टॅप फिरवून आटे पाडावे लागतात. भोकात इपॉक्सी घालून स्क्रू हाताने आवळावेत, पॉवर ड्रिलने नव्हे. हे स्क्रू साधे फिलिप्स नसून पोझिड्राइव्ह 3 नंबरचे असतात. जांभळी नाक्याच्या बाजारात नुसता "स्टार" मागितला तर फिलिप्स हाती येतो. तो बसतो, फिरतोही, पण जोर दिला की घसरून स्क्रूचे डोके खातो. पोझिड्राइव्हच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा कोरलेल्या असतात, त्या पाहून घ्याव्यात. पुढे कधी स्क्रू काढायची वेळ आलीच, तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंगची इस्तरी टेकवून इपॉक्सी मऊ करावे लागते, हेही काकांनीच सांगितले.

बसवल्यानंतरचे सर्वांत नाजूक काम म्हणजे बुटाची टाच आणि हील-पीस यांच्यातली फट. स्की वाकते तेव्हा बूट आणि हील-पीस जवळ येतात. त्या वेळी जागा उरली नाही तर बूट नको तेव्हा सुटतो किंवा हील-पीसवर ताण येतो. ही फट कंपनीगणिक साधारण 4 ते 6 मि.मी. असते, आणि ज्यांचे हील-पीस स्प्रिंगवर मागेपुढे सरकते अशा काही बाइंडिंगमध्ये ती शून्य असते, त्यामुळे आपल्या मॉडेलची पुस्तिका पाहण्याला पर्याय नाही. कंपनीने बरोबर दिलेली प्लॅस्टिकची पट्टी हरवण्याचीच वस्तू असल्याने मी त्याच मापाची अॅल्युमिनियमची चकती काकांकडून कापून घेतली आणि हत्यारांच्या पिशवीला बांधून ठेवली.

सुटण्याची ताकद दाखवणारे आकडे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मि.मी.मधली लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून तक्त्यातून काढायचे असतात. वजन आणि उंची वेगवेगळ्या ओळींत येत असतील तर कमी ताकदीची ओळ घ्यायची, आणि वय 50 किंवा त्याहून अधिक असेल तर आणखी एक ओळ वर, म्हणजे आणखी सौम्य बाजूला जायचे. बरोबरचे तरुण सोबती आकडा वाढवायचा आग्रह करतात. तो मी मनावर घेत नाही. बाइंडिंगवर दिसणारा आकडा ही स्प्रिंगची खूण असते, प्रत्यक्ष ताकद यंत्रावरच मोजता येते. घरी मी एवढेच पाहतो की टेबलाला बांधलेल्या स्कीवर बूट अडकवून तो डावीकडे आणि उजवीकडे दाबला असता दोन्ही बाजूंना सारखाच प्रतिकार जाणवतो का आणि सोडल्यावर तो झटकन मध्यावर परत येतो का. एका बाजूला अडखळला तर आत घाण किंवा गंज आहे असे समजावे.

वापर शिकलो तो गच्चीवर. जुन्या सतरंजीवर स्की ठेवून, ऑक्टोबरच्या उकाड्यात ते जाड बूट घालून उभे राहणे शेजाऱ्यांच्या करमणुकीचा विषय झाले, पण त्याचा फायदा फार मोठा होता. पुढचा लिव्हर स्कीच्या काठीने खाली दाबला की जबडा उघडतो. बुटाचे टोक दोन पिनांच्या बरोबर मध्ये आणून सरळ खाली दाबले की तो बंद होतो. बर्फात पिना नीट दिसत नाहीत, त्यामुळे हे पायाच्या अंदाजानेच जमावे लागते. जबडा बंद झाल्यावर टाच मोकळी ठेवून बूट काही वेळा वर-खाली झुलवावा, म्हणजे खोबणीतला बर्फ पिनांनी दळला जातो आणि पिना पूर्ण आत शिरतात. त्यानंतर चढायचे असेल तर लिव्हर वर ओढून जबडा कुलूपबंद करायचा. शिखरावरचा क्रमही गच्चीवरच पाठ केला: स्किन काढणे, हील-पीस फिरवणे, बुटाचा मागचा खटका उतरणीच्या स्थितीत लावणे, पुढचा जबडा साफ करून पाय अडकवणे, टाच दाबून बसवणे आणि शेवटी लिव्हर कुलुपातून सोडलेला आहे याची हाताने खात्री करणे.

गच्चीवर न शिकता येणारी एकच गोष्ट म्हणजे बर्फ. गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या सुमारे 3,950 मीटरपर्यंत नेतो. तिथून पुढे पायी चढताना टो-पीसच्या खाली, स्प्रिंगच्या पाकळ्यांच्या मागे, बर्फ दाबला जाऊन त्याचा कडक खडा बनतो. वरून पाहिले तर सगळे ठीक दिसते, पिना खोबणीत असतात, लिव्हरही वर येतो. पण खालचा खडा पाकळ्यांना पूर्ण मिटू देत नाही आणि पहिल्याच जोरदार वळणाला बूट सुटतो. ओळखण्याची खूण अशी की कुलूप लावताना लिव्हर नेहमीपेक्षा लवकर अडतो, एरवी ऐकू येणाऱ्या टकटकींपैकी एखादी कमी येते. हातमोजा काढून पाकळ्यांच्या खाली बोट घालून पाहावे आणि काठीच्या टोकाने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खडा उकरून काढावा. बुटाच्या खोबणीतला बर्फही तसाच टोकरावा. मी खिशात प्लॅस्टिकची एक टोकदार काडी ठेवतो, कारण ती अॅल्युमिनियमवर ओरखडे पाडत नाही.

उतरताना पुढचा लिव्हर कुलूपबंद ठेवावा का, यावर तिथे चहाच्या टपरीवरही वाद रंगतात. कुलूप लावले की बूट बाजूला सुटण्याची शक्यता जवळजवळ संपते. हिमस्खलनात सापडलो तर पायाला अडकलेली स्की माणसाला खाली ओढते, आणि साध्या पडण्यातही गुडघा धोक्यात येतो. जिथे स्की निसटली तर माणूस कड्यावरून खाली जाईल अशा अरुंद, कडक बर्फाच्या उतारावर अनुभवी लोक जाणूनबुजून कुलूप लावतात. मी तसल्या उतारावर जातच नाही, म्हणून माझे कुलूप उतरताना कायम उघडे असते. वारंवार बूट सुटतो म्हणून कुलूप लावणारे मात्र दुखण्याचे मूळ तसेच ठेवतात. मूळ बहुधा बर्फाच्या खड्यात, चुकीच्या फटीत किंवा झिजलेल्या खोबणीत असते.

देखभालीचे म्हणाल, तर काश्मीरच्या बर्फापेक्षा ठाण्याच्या जून ते सप्टेंबरचा मला जास्त धसका आहे. पिना आणि स्प्रिंगा पोलादी, शरीर अॅल्युमिनियमचे, आणि हवेत खाडीची ओल; हे दोन धातू दमट हवेत एकमेकांना लागून राहिले की सांध्यांत पांढरी भुकटी जमते आणि पिनांवर तांबूस ठिपके येतात. परत आल्यावर प्रथम कोमट पाण्याने भिजवलेल्या फडक्याने सगळा चिखल पुसतो. तंगमर्ग ते गुलमर्ग हा रस्ता साखळ्या लावलेल्या टॅक्सीच्या टपावर स्की बांधून करावा लागतो आणि चाकांचा चिखल नेमका हील-पीसमध्ये जातो, म्हणून आता प्रवासातच त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधतो. जोरदार पाण्याची फवारणी मात्र कधीच करत नाही, कारण ती आतले ग्रीस धुऊन काढते. गंज सोडवणारे फवारेही हील-पीसपासून दूर ठेवतो. ते जुने ग्रीस विरघळवतात आणि नंतर तो भाग कोरडाच चालत राहतो.

पंख्याखाली चांगले दोन दिवस सुकल्यावर जुने ग्रीस पुसून कमी तापमानाला न गोठणारे लिथियम ग्रीस लावतो, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकेच, कारण जास्त ग्रीस धूळ धरते आणि थंडीत घट्ट होते. पुढच्या पिनांवर आणि बुटाच्या खोबण्यांवर तेलाचा नुसता हात फिरवतो. स्क्रू सैल होत आहे का हे नजरेला कळावे म्हणून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून बाइंडिंगच्या अंगापर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढलेली आहे. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू फिरला. त्यासाठी "बाबा, ती नवीन बाटली आहे," ही तक्रार ऐकून घ्यावी लागली. स्की माळ्यावर टाकत नाही आणि हवाबंद पिशवीतही कोंडत नाही. कपाटामागे, भिंतीपासून थोड्या अंतरावर, सुती कापडात गुंडाळून उभ्या ठेवतो आणि महिन्यातून एकदा कापड सोडून पाहतो. बुटातले आतले अस्तर बाहेर काढून वेगळे ठेवतो, नाहीतर त्याची ओल खोबण्यांपर्यंत पोहोचते.

डिसेंबरात निघण्यापूर्वी फट, आकडे आणि नेलपॉलिशच्या रेघा पुन्हा पाहतो. बूट बदलला असेल, किंवा त्याच बुटाची टाचेची पट्टी बदलली असेल, तर फट नव्याने लावावीच लागते. बरोबरच्या पिशवीत पोझिड्राइव्ह आणि टॉर्क्सचे बिट, एक-दोन जादा स्क्रू, इपॉक्सीच्या छोट्या नळ्या, भोकाचे आटे गेले तर इपॉक्सीबरोबर भरायला थोडी स्टील वूल, वायर आणि रबरी पट्टे असतात. विमानतळावर ही पिशवी चेक-इन सामानातच टाकावी. यंदा टाचेच्या पट्टीच्या खाचांच्या कडा नखाला गोलसर लागू लागल्या आहेत, त्यामुळे ती पट्टी बदलून घेतल्याशिवाय हा बूट मी पिनांवर चढवणार नाही.