कझांचिसमधल्या दोन रात्री

ड्रायव्हर म्हणाला होता, "रात्री दोनला न्यायला येतो." मी दीडचा गजर लावून झोपलो. उठून जॅकेट चढवून खाली आलो, तर हॉटेलचं दार बंद आणि वॉचमन गाढ झोपेत. इथिओपियात दिवस मोजायला सुरुवात होते ती सकाळी. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे रात्रीचे दोन म्हणजे आपले आठ. तो बिचारा आठला येऊन, वाट बघून परत गेला होता. मी इतका चिडलो की पुन्हा झोपच आली नाही. अदीस अबाबात माझ्या तीनच रात्री होत्या आणि त्यातली एक अशी गेली.

जानेवारी २०१९ मधली ही गोष्ट. त्याआधी लालिबेलाची दगडात कोरलेली चर्च झाली, गोंदरचा तिमकत हा सण झाला. फोटोही चांगले मिळाले, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दुसऱ्या रात्री मात्र वेळेवर निघालो. अदीस महाबळेश्वरापेक्षा हजारेक मीटर उंचावर आहे, अंधार पडला की थंडी थेट हाडात शिरते. निळ्या-पांढऱ्या जुन्या लाडा टॅक्सीतून कझांचिस या वस्तीत पोचलो. बोले रोडवरचे क्लब कुठल्याही मोठ्या शहरात सापडतील, मला त्यात रस नव्हता. मला अझमारी बेत बघायचं होतं. बेत म्हणजे घर, अझमारी म्हणजे गाणारे. खोली जेमतेम आपल्या वाड्यातल्या ओटीएवढी. भिंतींना टेकवलेली बाकं, बुटकी स्टुलं, चाळीसेक माणसं आणि छताला एकच लाल बल्ब. तेज, म्हणजे मधाची दारू, गोल पोटाच्या आणि लांब मानेच्या काचेच्या बरेलेत येते, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या चंबूसारख्या. चव गोड, पण चढते लवकर.

मी कोपरा धरला. पस्तीसची लेन्स, आयएसओ ६४००, शटर एक-तीसांश. फ्लॅश लावायचा नाही हे ठरवूनच गेलो होतो. एक जण मासिंको वाजवत होता. चौकोनी पेटीवर ताणलेलं कातडं आणि घोड्याच्या केसांची एकच तार, पण त्या एका तारेतून तो माणूस रडवतही होता आणि हसवतही होता. गाणारी बाई बाकांमधून फिरत एकेकासमोर थांबायची, त्याच्यावर तिथल्या तिथे दोन ओळी रचायची आणि सगळी खोली फुटायची. मग तो पाहुणा उठून खांदे थरथरवायला लागायचा. या नाचाला एस्किस्ता म्हणतात. पाय जागेवरच असतात, सगळा खेळ खांद्यांचा आणि मानेचा. एक-तीसांशला हे खांदे पकडणं अशक्य होतं. मी पकडत राहिलो.

मग ती माझ्यासमोर थांबली. "हिंद" हा शब्द कळला. खोली हसली, माझ्याकडे बघून पुन्हा हसली. शेजारी कोट घातलेले एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते. सगळे त्यांना गाशे म्हणत होते, आपण अण्णा म्हणतो तसं. सम्राट हैले सेलासीच्या काळात इथल्या शाळांमध्ये भारतीय शिक्षक खूप होते. गाशेंना गणित अशाच एका शिक्षकाने शिकवलं होतं, त्यामुळे त्यांचं इंग्रजी स्वच्छ. त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं:

"ती म्हणते, हिंदहून पाहुणा आलाय, एक डोळा मिटून बसलाय. घरी जाऊन सांगेल अदीस पाहिलं, पण अर्धंच."

आणि लगेच म्हणाले, "हे नुसतं मेण. आत सोनं आहे, ते मला इंग्रजीत आणता येत नाही." तिथल्या अम्हारिक भाषेतल्या कवितेत ही रीतच आहे, वरच्या अर्थाला मेण म्हणतात आणि लपलेल्या अर्थाला सोनं. आपल्याकडे कलगी-तुऱ्यात कूट घालतात, भारुडात वर विंचू असतो आणि आत काम-क्रोध, त्याच जातीचं हे. राजालासुद्धा चार गोष्टी सुनवायची मुभा या अझमारींना होती.

तिची ओळ मला लागली. मी कॅमेरा मांडीवर ठेवला. गाशेंनी खुणावलं तशी दहा बिरची नोट काढली आणि तिच्या कपाळावर चिकटवली. तिथे पैसे हातात देत नाहीत. घामाने नोट बसली आणि ती तशीच गात पुढे गेली. लहानपणी आमच्या गावच्या जत्रेत तमाशाला चाललेली दौलतजादा डोळ्यांसमोर आली. पुढचे दोन तास मी एकही फोटो काढला नाही. टाळ्या वाजवल्या, खांदे हलवून पाहिले, आणि त्या रात्रीचं मला जे जे आठवतं ते याच दोन तासांतलं आहे.

माली देशातल्या बामाकोचे फोटोग्राफर मालिक सिदिबे यांचं काम मला फार जवळचं. साठच्या दशकात ते एका रात्रीत अनेक पार्ट्यांना जायचे, मग स्टुडिओत येऊन रोल धुवायचे आणि छोट्या प्रिंट बाहेर लावायचे, म्हणजे नाचलेली पोरं येऊन आपापले फोटो निवडून न्यायची. फोटो आधी त्यात असलेल्या माणसाचा. आम्ही बाहेरून येणारे रात्रीचे फोटो काढतो आणि विमानात बसतो, ही गोष्ट मला मनापासून खुपते. म्हणून सकाळी अदीसच्याच पियासा भागातल्या एका स्टुडिओत जाऊन बावीस प्रिंट काढल्या.

संध्याकाळी, त्यांच्या बाराच्या सुमाराला, पुन्हा गेलो. बल्ब अजून लावला नव्हता. गायिकेने हात पुसून एकेक प्रिंट दाराच्या उजेडात धरून बघितली. स्वतःचा फोटो बाजूला ठेवून मासिंकोवाल्याचा आधी त्याला दिला. गाशे चष्मा लावून सगळा गठ्ठा दोनदा चाळत बसले. मग म्हणाले, "यात मी कुठे आहे?"

रात्रभर ते माझ्या शेजारी होते. प्रत्येक ओळ त्यांनी मला उलगडून सांगितली, आणि मी लेन्स एकदाही त्यांच्याकडे वळवली नव्हती.

लगेच फोटो काढला. कोटाचं बटण लावून, पाठ ताठ करून ते दाराशी बसले. पण स्टुडिओ बंद झाला होता आणि मुंबईचं विमान त्याच रात्री होतं. पत्ता विचारला, तर म्हणाले, इथेच ये, मी इथेच असतो.

ती प्रिंट आठ बाय दहाची करून घेतली. आधी कोविड, मग तिथलं युद्ध, जाणं झालंच नाही. २०२४ मध्ये रस्ते रुंद करायला कझांचिसचा बराच भाग पाडला. बातमीतल्या फोटोंमध्ये मी ते दार शोधत बसतो. प्रिंट पाकिटात आहे, पाकिटावर नुसतं "गाशे" लिहिलंय.