पावणेतीन किलोंची अंधारी

बुटाची नाडी बांधायला वाकलो होतो. उजव्या पायाची बांधली, डाव्याची बांधली, दुहेरी गाठही मारली आणि झटकन उभा राहिलो. पुढचे दोन-तीन सेकंद मी घरात होतो की नाही, ते सांगता येणार नाही. आधी कडेकडेने काळपट झालं, मग ते काळं मधोमध सरकत आलं, कानांत लांबून शिट्टी वाजल्यासारखं झालं आणि हाताला काहीतरी टणक लागलं. ती दाराची चौकट होती. तिला मी अशी काही मिठी मारली होती की आतून आलेली बायको क्षणभर बघतच राहिली.

"अहो, हे कुठलं नवीन आसन?"

"स्ट्रेचिंग करतोय," मी म्हणालो.

थाप मारल्याचं फारसं वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की चौकटीला लटकलेलो असताना मी मनातून खूश होतो. डाएटचा तो सहावा दिवस. डोळ्यांपुढे अंधारी येते आहे म्हणजे चरबीचा बुरूज ढासळायला लागला आणि हा त्याचा धुरळा, असं मी ठरवून टाकलं होतं. औषध कडू असलं की ते जास्त गुणकारी वाटतं, त्यातलाच प्रकार. शिवाय वजनकाट्याची साक्ष होतीच. सहा दिवसांत पावणेतीन किलो! पन्नाशी ओलांडलेल्या माणसाच्या आयुष्यात चांगलं काही इतक्या झपाट्याने घडत नाही, निदान एवढ्यावरून तरी मला शंका यायला हवी होती.

आता त्या सहा दिवसांचा पराक्रम. सकाळी उपाशीपोटी पाऊण तास झपझप चालायचं, शेवटची दहा मिनिटं धावायचं. संध्याकाळी जोर आणि उठाबशा. खाणं दिवसाला बाराशे कॅलरी. हा आकडा फोनमधल्या एका ॲपने दिला. त्याला वय, उंची, वजन सांगितलं आणि 'किती लवकर बारीक व्हायचंय' असं त्याने विचारल्यावर मी सगळ्यात उजवीकडच्या बटणावर बोट ठेवलं. गोड बंद, तळलेलं बंद, पिठूळ जवळजवळ बंद. मीठ बंद करायला मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. ते मी उत्साहाच्या भरात स्वतःहून सोडलं.

आठव्या दिवशी धावणं संपवून, कमरेवर हात ठेवून, विजयी मुद्रेने बागेत जागच्या जागी थांबलो आणि थेट बाकावरच बसलो. बसलो म्हणजे बाक तिथे होता म्हणून, नाहीतर जमिनीवर बसलो असतो. घाम फुटला होता, आणि तो धावण्याचा नव्हता, गार होता. एका अनोळखी गृहस्थांनी बाटली पुढे केली. घरी आल्यावर हे लपवणं जमलं नाही, कारण माझ्या चेहऱ्याला थाप मारता येईना.

डॉक्टरांकडे गेल्यावर म्हटलं, चक्कर येते. त्यांनी विचारलं, "चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?"

प्रश्न इतका साधा आणि मला उत्तर येईना. खरं तर मराठीत या बाबतीत चणचण नाही. चक्कर, घेरी, भोवळ, झीट, अंधारी, गरगरणं, डोळ्यांपुढे काजवे चमकणं. वर्षानुवर्षं हे शब्द मी एकाच डब्यात टाकले होते. तपासणीच्या खुर्चीत बसून ते वेगळे करायला लागलो, तेव्हा कळलं की हे सगळे काही सख्खे भाऊ नव्हेत. गरगरतं तेव्हा आपण जागेवर असतो आणि खोली फिरते. अंधारी येते तेव्हा खोली जागेवर असते आणि आपण तिच्यातून वजा होऊ लागतो. भोवळ ही त्याची पुढची पायरी. झीट आली हे बहुतेक वेळा दुसऱ्यांनीच सांगायचं असतं. 1972 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी चक्कर येणाऱ्या रुग्णांची अशीच चार गटांत विभागणी केली होती. खोली फिरणारे, शुद्ध हरपेल असं वाटणारे, चालताना तोल जाणारे आणि चौथा गट 'इतर'. पहिल्या गटाचा संबंध बऱ्याचदा कानाशी असतो. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांतल्या द्रवाच्या हालचालीवरून डोकं कुठे वळलं ते मेंदूला कळतं. दुसऱ्या गटाचा संबंध रक्ताशी.

"अंधारी," मी शेवटी म्हणालो. "उठल्यावर. आणि धावून थांबल्यावर."

"आडवे व्हा."

मला वाटलं होतं साखर कमी झाली असेल; घरातही सगळ्यांचं तेच मत. बोटाला टोचून पाहिलं तर 92. साखर 70च्या खाली गेली तर ती कमी धरतात, म्हणजे तो आरोप निकालात निघाला. मग पाच मिनिटं पडून राहायला लावलं आणि दंडाला पट्टा गुंडाळून बीपी घेतलं, 118. उभं केलं, मिनिटभराने पुन्हा घेतलं, 94. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला तर ती नोंद घेण्याजोगी गोष्ट असते. माझा वरचा 24 ने उतरला होता. इतक्या झरझर तर वजनही उतरलं नव्हतं.

उभं राहणं हा केवढा खटाटोप आहे हे मला तिथे पहिल्यांदा समजलं. आपण उठलो की अर्धा-पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे ओढलं जातं. मानेतल्या धमन्यांमध्ये आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या कमानीत दाब जोखणारे पहारेकरी असतात. ते लगेच ओरडा करतात, हृदय वेग वाढवतं, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि आपण 'चहा झाला का' असं विचारत खोलीबाहेर पडतो. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा दोन टक्के, पण खर्चात वीस टक्के. घरातल्या लाडावलेल्या मुलासारखा तो दोन सेकंदांचा उशीरही खपवून घेत नाही. (जिराफाचं काय होत असेल, हा विचार मला तिथे पडल्या पडल्या आला. पाणी पिऊन त्याला डोकं केवढं वर न्यायचं असतं! म्हणूनच त्याचा रक्तदाब माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो. डॉक्टरांना हे सांगितलं नाही.)

धावून थांबल्यावर काय झालं, तेही याच घराण्यातलं. धावताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात-सैलावतात आणि पायातलं रक्त पिळून वर ढकलतात. मी एकदम थांबलो तेव्हा हा पंप बंद पडला, पायातल्या रक्तवाहिन्या मात्र अजून सताड उघड्या होत्या. पाच मिनिटं रमतगमत चाललो असतो तर बाकाची आणि त्या गृहस्थांची गरज पडली नसती.

पण हे तर तरुणपणापासून असंच चालत आलं होतं, मग आत्ताच पहारेकरी कमी का पडले? इथे माझे पावणेतीन किलो उघडे पडले.

शरीर पिठूळ आणि गोड पदार्थांतली साखर ग्लायकोजनच्या रूपात साठवतं. यकृतात सुमारे शंभर ग्रॅम, स्नायूंमध्ये सुमारे चारशे. आणि प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की पहिल्या काही दिवसांत हा साठा उपसला जातो, त्याच्याबरोबर ते पाणीही निघून जातं. इन्सुलिन खाली येतं, तशी मूत्रपिंडं मीठही जास्त सोडू लागतात, आणि मिठाच्या मागोमाग आणखी पाणी. त्यात मी वरून मीठ तोडलेलं, सकाळ-संध्याकाळ घाम गाळलेला. घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. ग्लायकोजन आणि त्याचं पाणी मिळून जवळजवळ दोन किलो, इतर पाणी थोडं. चरबीच्या वाट्याला कसाबसा अर्धा किलो आला. म्हणजे ज्या आकड्याचा फोटो काढून मी मुलीला पाठवला होता आणि ज्या अंधारीपायी चौकटीला मिठी मारली होती, ती दोन्ही एकाच पाण्याची करणी होती. मी चरबी उतरवल्याच्या आनंदात रक्त आटवत होतो.

बाराशेच्या आकड्याचंही तसंच. दुसरं महायुद्ध संपत आलं असताना, नोव्हेंबर 1944 मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी एक प्रयोग सुरू केला. युद्धात लढायला नकार दिलेले 36 तरुण स्वतःहून पुढे आले होते. त्यांना 24 आठवडे दिवसाला साधारण 1570 कॅलरींवर ठेवलं आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालायला लावलं. ते पाव हिस्सा वजनाला मुकले, उठताना त्यांना घेरी यायला लागली, आणि त्यांच्यातले काही जण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. (हे वाचलं तेव्हा मी पटकन फोनवरची पाककृती बंद केली.) त्या प्रयोगाचं नावच उपासमारीचा प्रयोग. ते मुळात सडसडीत होते आणि माझ्या पोटावर शिल्लक बरी होती, हे कबूल. तरी 1570ला ज्या जगात उपासमार म्हटलं गेलं, तिथे माझं ॲप बाराशेला 'झकास सुरुवात' म्हणत होतं, वर टाळ्यांचं चित्र.

डॉक्टरांनी शेवटी जे विचारलं, ते खरं तर मीच आधी सांगायला हवं होतं. "बीपीची गोळी चालूच आहे ना?"

होती. रोज सकाळी, इमानेइतबारे. ती दिली होती जुन्या वजनाच्या, मीठ खाणाऱ्या, सोफ्यावर बसणाऱ्या माणसासाठी. आता पाणी गेलं, मीठ गेलं, गोळी मात्र तेवढीच. त्यांनी ती अर्धी केली. स्वतःच्या मनाने अर्धी करायची नाही, हे दोनदा बजावलं. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी खाणं तोडलं तर साखर खरोखरच धोक्याच्या खाली जाऊ शकते, हेही त्यांनी सांगितलं. छातीत दुखलं, भलतीच धडधड झाली, जीभ अडखळली, एका बाजूचा हात-पाय जड पडला किंवा प्रत्यक्ष शुद्ध गेली, तर 'डाएटमुळे असेल' म्हणत घरी बसायचं नाही. मी सगळ्याला मान हलवली. हळू.

तेव्हापासून मी सकाळी पलंगाच्या कडेला बसतो. पाय खाली सोडून, पावलं वर-खाली करत. बायको म्हणते, होडीत बसल्यासारखे दिसता. कॅलरी वाढवल्या, मीठ पूर्वीसारखं झालं, धावणं दोन महिने पुढे ढकललं. चौथ्या दिवशी काट्यावर उभा राहिलो. काचेचा गारवा तळव्यांना लागला, आकडे थोडे डळमळले आणि थांबले. सव्वा किलो जास्त.

"वाढलं?" बायको खांद्यावरून डोकावली.

"पाणी आहे ते," मी म्हणालो. "ते काही खरं वजन नव्हे."

"मग गेलं होतं तेव्हा काय होतं?"

मी काट्यावरून उतरलो. सावकाश, चौकटीला हात लावून.