लिव्हर ठीक, मग सूज कसली?

दादाचं रक्त मीच काढलं. वीस वर्षं लॅबमध्ये काढली, शीर सापडायला मला कधी वेळ लागत नाही. त्या दिवशी दोनदा टोचावं लागलं.

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी येऊन त्याला महिना झाला होता. एसजीओटी, म्हणजे लिव्हरचा आकडा, ३८ वर उतरलेलं. वहिनीने तो रिपोर्ट देवापुढे ठेवला होता. दारू म्हटली की सगळ्यांची नजर लिव्हरवर, माझीसुद्धा. पण दादा जिन्यात मध्येच थांबायचा आणि "चप्पल नीट करतो" म्हणायचा. मोज्यांचे वळ रात्रीपर्यंत पायांवर तसेच.

म्हणून डॉक्टरांना विचारून बाकीच्या टेस्ट लावल्या. ट्रोपोनिन, हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं, नॉर्मल. सीआरपी, म्हणजे अंगातल्या दाहाचा आकडा, ११. आता सीआरपी साध्या तापानेही वाढतो, त्या एकट्यावर मी विसंबत नाही. पण दारूने आतड्याचं अस्तर गळकं होतं, जंतूंचे विषारी अंश रक्तात उतरतात आणि अंगात आतल्या आत दाह धुमसत राहतो, हेही खरं. एनटी-प्रोबीएनपी मात्र १८४०! हृदयाच्या भिंती ताणल्या की हे रक्तात वाढतं. दादाच्या वयाला १२५ च्या आत हवं. मी सॅम्पल पुन्हा लावलं. तेच.

रशियात आर्खांगेल्स्क शहरात २०१५ ते २०१७ या काळात हेच तीन आकडे तपासले होते, दारूच्या उपचारासाठी दाखल झालेल्यांचे आणि शहरातल्या इतर लोकांचे. दाखल रुग्णांचे तिन्ही चढे निघाले. ट्रोपोनिनमध्ये फरक थोडा, बाकी दोन्हींत बराच. म्हणजे ॲटॅक येऊन गेलेला नसला, तरी हृदय दमलेलं असू शकतं. केंद्रात दादाची एलएफटी, म्हणजे लिव्हरची तपासणी, तीनदा झाली; इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एकदाही नाही. याचा राग अजून गेलेला नाही. पण लॅबमध्ये बसून मला तरी कुठे सुचलं?

इकोत पंपिंग ३० टक्के. गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद झालं, आणि डॉक्टरांनी बजावलं की दिवाळीला, लग्नाला, कशालाही एक घोटसुद्धा नाही. आठ महिन्यांनी पंपिंग ४५.

परवा त्याने स्वतःहून बाही वर केली. पूर्वी मटक्याचा आकडा विचारायचा तशाच घाईने म्हणाला, "किती येतो ते आधी मला सांग, हिला नको."

३९० आला. वहिनी दारातच उभी होती.