हातचा नसलेला गुणाकार

शनिवार, रात्री उशिरा

१११११११११ चा वर्ग काढायचा होता. मोबाइलने १.२३४५६७९ आणि पुढे दहाचा सोळावा घात असं गोळाबेरीज उत्तर दिलं. मला सगळे अंक हवे होते, म्हणून लेकीची चौकटीची वही मागून घेतली आणि गुणाकार हातानेच मांडला.

नऊ एक्के, खाली पुन्हा तेच नऊ, दर ओळीला एक घर डावीकडे. नऊ ओळींचा तिरका जिना झाला. उजवीकडून बेरीज करत गेले. पहिल्या उभ्या रांगेत एकच एक्का, दुसरीत दोन, तिसरीत तीन, मधोमध बरोबर नऊ, आणि तिथून पुन्हा उतार. एकदाही हातचा आला नाही.

१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंक, कुठूनही वाचा. ‘लीलावती’तल्या स्थानांच्या नावांनी मोजलं तर सगळ्यात डावीकडचा एक ‘मध्य’च्या घरात येतो, परार्धाला एकच घर कमी. नवाच्या अलीकडे तोडून १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर नऊच्या नऊ नव्वे! कितीतरी वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर अशा संख्यांना डेमलो संख्या म्हणत. देवळालीच्या शाळेत शिकवणारे हे मास्तर. जीआयपी रेल्वेच्या ज्या स्टेशनात त्यांना ही कल्पना सुचली, त्याचंच नाव त्यांनी दिलं. डेमलो म्हणजे आजची डोंबिवली. मी रोज सकाळी तिथूनच लोकल पकडते, आणि हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

अंकांची बेरीज ८१. संख्येला ८१ ने भागलं: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येला कापरेकरांनीच नाव दिलं, हर्षद. म्हणजे आनंद देणारी. किती नेमकं नाव! इथे कारणही साधं आहे. नऊ एक्क्यांची बेरीज नऊ, म्हणून त्या संख्येला नवाने भाग जातो आणि तिच्या वर्गाला ८१ ने. नऊ काढून घेतल्यावर उरतात १२३४५६७९, म्हणजे ३७ गुणिले ३३३६६७, दोन्ही मूळ संख्या. शाळेत आम्ही याच १२३४५६७९ ला ६३ ने गुणून साताची रांग पाडायचो. त्यात आठ नाही, हे तेव्हाही खटकायचं.

झोपण्याआधी दहा एक्क्यांचा जिना मांडला. मधल्या रांगेत दहा आले, शून्य लिहिलं, हातचा एक. पुढच्या रांगेतले नऊ आणि हातचा, पुन्हा दहा, पुन्हा शून्य. त्यापुढचे आठ हातच्याने नऊ झाले आणि मग थेट सात: १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गेला. आणि वहीच्या कडेला मोबाइलचं उत्तर लिहून ठेवलं होतं, त्यातही सातानंतर नऊच. तिथेही पुढचा नऊ वर ढकलताना आठाला हातचा मिळाला होता.