नकाशात पाण्याच्या दोन रेघा

शुक्रवार, रात्र

आज पागोट्यांना हात घातला. टेबलावर मांडायच्या लढाईच्या खेळासाठी मी सैन्य रंगवतेय. हे पंधरा मिलिमीटरचे हशम, म्हणजे पायदळाचे शिपाई, आहेत; उभा माणूस माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा. भाचा ऐरोलीला राहतो, त्याच्याकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर आहे. छापून झालं की अल्कोहोलमध्ये धुणं, आधाराच्या काड्या तोडणं आणि अतिनील दिव्याखाली कडक करणं ही त्याची कामं. प्रायमरपासून, म्हणजे रंगाआधीच्या अस्तरापासून, पुढचं सगळं माझं. पावसाळ्यात ठाण्याच्या दमट हवेत स्प्रेचा प्रायमर अंगावर पिठूळ बसतो, म्हणून जूनपासून मी तो ब्रशनेच लावते. दोन पातळ हात पुरतात.

आमच्या खेळाचा विषय 1737. मराठ्यांनी साष्टी बेटावर उतरून पोर्तुगिजांकडून ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा त्याचं बांधकाम पुरंही झालेलं नव्हतं. ही मोहीम पुढे मे 1739 मध्ये वसई चिमाजीअप्पांच्या हाती आली तिथपर्यंत चालली. वसईबद्दल सगळेच भरभरून बोलतात. ठाण्याची गोष्ट ठाणेकरांच्याही तोंडी फारशी नसते. ती मला टेबलावर उभी करायची आहे.

त्या काळच्या मराठी पायदळाला गणवेश नव्हता. युरोपातल्या पलटणी रंगवणाऱ्यांना एक सोय असते, ओळीने वीस कोट निळे करून टाकायचे. इथे शेजारच्या दोघांना एकाच रंगाचं पागोटं दिलं की लगेच पलटण दिसायला लागते. म्हणून लाल, गेरू, मळका पिवळा, नीळ, तपकिरी आणि पांढरा असे रंग काढून ठेवते आणि एक माणूस संपला की दुसऱ्याला मुद्दाम लांबचा रंग देते. वेळ लागतो, पण चिकटवायच्या पट्टीवर चौघं उभे केले की चार गावांहून आलेली माणसं वाटतात. मला तेच हवंय.

पांढरा सगळ्यात कठीण. धुतल्या कपड्यासारखा थेट पांढरा लावला तर माणूस खडूचा दिसतो. आधी राखाडी-खाकी, त्यावर पातळ तपकिरी वॉश, तो आपोआप चुण्यांमध्ये उतरतो. मग हस्तिदंती रंग फक्त वर आलेल्या भागांवर, आणि खरा पांढरा खांद्यावर नि गुडघ्यावर, टेकवल्यासारखा. या कामाला एक नंबरचा ब्रश घ्यावा, टोक मात्र धारदार हवं. तीन शून्यांचे बारीक ब्रश दिसायला मोहक असतात, पण त्यांच्या केसांत रंगच राहत नाही, कागदावरून माणसापर्यंत येईस्तोवर वाळतो.

शेवटी तोडे. या लोकांच्या हातात तोड्याच्या बंदुका आहेत. तोडा म्हणजे सोऱ्यात भिजवलेली दोरी. तिचं टोक धुमसत ठेवायचं, चाप ओढला की ते बंदुकीच्या कानातल्या, म्हणजे नळीशेजारच्या छोट्या वाटीतल्या, दारूवर पडतं. रंगवताना तो नारिंगी ठिपका, त्याच्या मधोमध पिवळ्याचा कण. पहिल्या चौघांना ठिपके दिले, दिव्यापुढे धरले आणि लक्षात आलं की अंधारात खाडीपलीकडून सगळ्यात आधी हेच दिसेल. रात्री होडीतून उतरणाऱ्या माणसाने तोडा पेटता ठेवायचा का? ठेवला तर काठावरचा पहारेकरी सावध होतो. विझवला तर उतरल्यावर पहिली फैर झाडता येत नाही, तलवार आणि भाल्यावरच निभावायचं. आता निम्म्या हशमांना ठिपके नाहीत. खेळात मराठ्यांच्या बाजूच्या खेळाडूला होडीत बसण्याआधी हे ठरवावं लागणार.

शनिवार

आज दिवसभर नकाशा. ऑफिसात इमारतींसाठी साइटच्या समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, काढते, त्यामुळे हात बसलेला आहे. आधार सर्व्हे ऑफ इंडियाच्या 1:50,000 च्या नकाशाचा, त्यात उंचीच्या दर वीस मीटरला एक रेषा असते. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि 1737 मध्ये नसलेलं एकेक काढून टाकत गेले. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे गेला. कळव्याचे पूल गेले. 1853 मध्ये पहिली गाडी जिच्यावरून ठाण्याला आली ती रेल्वे गेली. वागळे इस्टेट, कोपरी, भराव टाकून केलेली सगळी जमीन गेली. राहिलं काय, तर पूर्वेला पारसिकचा डोंगर, पश्चिमेला येऊरची चढण आणि मध्ये पाणी. या गावात इतकी वर्षं राहून ते असं उघडं कधी पाहिलं नव्हतं. जागची उठून खिडकीशी गेले, समोर टॉवरच टॉवर, तरी पारसिकची कड दिसली आणि फार बरं वाटलं.

टेबल पाच फूट बाय तीन फूट. प्रमाण 1:2,500 घेतलं, म्हणजे एका सेंटिमीटरला पंचवीस मीटर. इथे नवख्या माणसाला नेहमी प्रश्न पडतो, माणसं एका मापाची आणि जमीन दुसऱ्या मापाची कशी, आणि प्रश्न रास्त आहे. माझा पंधरा मिलिमीटरचा माणूस साधारण 1:110 चा. त्याच्या मापाने शंभर मीटर बंदुकीचा पल्ला टेबलावर नव्वद सेंटिमीटर भरेल, म्हणजे ठाण्याच्या तटावरून झाडलेली गोळी थेट कळव्याच्या डोंगरात जाईल. जमिनीच्या मापाने तोच पल्ला चार सेंटिमीटर. खेळ जमिनीच्या मापाने चालतो. माणसं डोळ्यांसाठी असतात, आणि एका पट्टीवरचे चौघं म्हणजे माझ्या हिशेबात शंभरेक लोक.

हे डोक्यात नीट बसवायला युद्धाचे खेळ रचणाऱ्या प्रशियातल्या राइसविट्झ बापलेकांचा फार उपयोग झाला. बापाने 1812 मध्ये राजासाठी एक टेबल केलं होतं, त्यात प्लास्टरचे चौकोन हवे तसे मांडून भूप्रदेश तयार व्हायचा. मुलाने 1824 मध्ये तेच कागदी नकाशावर नेलं, 1:8,000 च्या, आणि मध्ये एक पंच बसवला. प्रत्येक बाजूला तिच्या माणसांना खरोखर दिसेल तेवढंच पंच दाखवणार. मला यातला पंच सगळ्यात मोलाचा वाटतो. आमच्या खेळात पंच मी. दोन्ही बाजूंना वेगवेगळे कागदी नकाशे, आणि टेबलावर फक्त दोघांनाही दिसतं ते.

डोंगरासाठी सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचे, थर कापले. वीस मीटरची रेषा या प्रमाणात आठ मिलिमीटर येते, मी पाच-पाच मिलिमीटरचे दोन थर लावले, उठाव थोडा जास्त दिसलेला चांगला. कापता कापता सोसायटीतल्या पोरांचे दिवाळीचे किल्ले आठवले. गोणपाट, चिखल, अळीव, वर महाराज, पायऱ्यांवर मावळे. ते किल्ले मला मनापासून आवडतात आणि माझ्या हाताला पहिलं वळण तिथेच लागलं. पण त्यांत शत्रू नसतो. किल्ल्याभोवतीची जमीनही नसते, कारण अंगण संपतं. शत्रू मांडायचा म्हटलं की तो कुठून येणार हे ठरवावं लागतं, आणि मग किल्ल्यापेक्षा भोवतालच जास्त जागा मागायला लागतो.

रविवार

सकाळी चेंदणी कोळीवाड्यात गेले होते. किल्ल्याच्या जागी इंग्रजांच्या काळापासून कारागृह आहे, आत जाता येत नाही, तट बाहेरूनच पाहायचा. मला मात्र तटापेक्षा पाणी हवं होतं. नकाशावर खाडीचा काठ नेमका कुठे काढायचा, हे कागदावरून सुटत नव्हतं.

ओळखीच्या एका कोळी काकांना विचारलं. त्यांची उभी हयात याच खाडीत गेली. त्यांनी उलट मलाच विचारलं, “कोणत्या तिथीचा काठ पाहिजे, बाय?”

मग त्यांनी हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची. जेवढं येईल तेवढ्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा. अमावास्येला आणि पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. भरतीनंतर सहाएक तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी धड चढत नाही आणि धड उतरत नाही. घरी येऊन भरतीचे छापील तक्ते काढले. हिशेब जुळतो. उधाणाला मुंबईच्या तक्त्यात साडेचार मीटरच्या वरचे आकडे दिसतात.

मी म्हटलं, “काका, ओहोटीला होडी काठापर्यंत येईल?”

ते म्हणाले, “होडी येल. मानूस उतरंल आन् मांडीपर्यंत चिखलात जाईल. वर बंदूकवाला असंल तर काय करनार?”

मंगळवार

दोन दिवस हेच डोक्यात फिरतंय. आता नकाशात खाडीला दोन रेघा आहेत, आतली ओहोटीची, बाहेरची भरतीची. दोन्हींच्या मधला पट्टा हीच या लढाईची खरी जमीन. तिथे बारा तासांत एकदा होडी चालते आणि एकदा माणूसही चालत नाही. भरीला ठाण्याला पाणी दोन्हीकडून येतं, दक्षिणेहून मुंबई बंदराच्या बाजूने आणि उत्तरेहून वसईकडून, उल्हासच्या मुखातून. साष्टी तेव्हा बेट होती, आणि ठाणं तिचं पूर्वेचं दार.

समजा मध्यरात्री उतरायचं आहे. अष्टमीला पूर्ण भरती सहाला, म्हणजे मध्यरात्री ओहोटी, समोर चिखल. पौर्णिमेला मध्यरात्री पाणी काठोकाठ, पण चंद्र डोक्यावर, होड्या दिवसासारख्या दिसणार. अमावास्येला पाणीही काठोकाठ आणि अंधारही गडद. तोडे विझवले तर काहीच दिसणार नाही. म्हणजे सेनापतीने माणसं आणि होड्या मोजायच्या आधी पंचांग उघडायला हवं. हे मी इतक्या पुस्तकांतून वाचलेल्या मोहिमांबद्दल कधी स्वतःला विचारलंच नव्हतं, कारण वाचताना वाक्य पुढे जातं, “सैन्य खाडी उतरून गेलं”, आणि आपणही त्याच्याबरोबर उतरतो. नकाशा काढताना पेन्सिल काठावर थांबते. या छंदावर माझा जीव आहे तो याचसाठी. 1738 च्या अखेरीस पोर्तुगिजांनी ठाणं परत घ्यायचा प्रयत्न केला, त्यात त्यांचा सेनापती पेद्रू द मेलू इथेच मारला गेला. तोही पाण्यातूनच आला होता. ते वाक्यही आता मला वेगळं वाचावं लागेल.

संध्याकाळी चिखल केला. वॉल पुट्टी, फेव्हिकॉल, बारीक वाळू आणि वाळवलेली चहाची पूड, तपकिरीत चिमूटभर काळा. ओला असतानाच बोटाने पाण्याच्या दिशेने ओढला, की ओहोटीने उतरताना राहतात तसे ओघळ पडतात. वाळल्यावर आतल्या रेघेजवळ चकचकीत वार्निश, वर सरकताना त्याचं प्रमाण कमी, भरतीच्या रेघेजवळ अगदी मॅट. डोळा लगेच ओळखतो, कुठे पाय रुततो आणि कुठे नाही. तिवरांची झुडपं काथ्याची. त्यांची चिखलातून वर येणारी श्वासमुळं जुन्या ब्रशचे केस कापून एकेक खोचली. खेळाच्या नियमात त्यांना काही काम नाही. पण तिवर आणि श्वासमुळांशिवाय ठाण्याची खाडी काढायची ही कल्पनाच मला सहन होत नाही.

गुरुवार

भाच्याचा फोन. “मावशी, पोर्तुगीज मीच घेणार. पण मला भरतीची वेळ सांगणार ना?” त्याला सांगितलं, किल्ल्यातल्या लोकांनाही खाडी रोज दिसायची, त्यामुळे हिशेब दोन्ही बाजूंना मिळेल. हल्ला कोणत्या तिथीला होणार, हे तेवढं मराठ्यांच्या बाजूने चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यायचं. त्याला पहारे रोजच्या रोज वाटावे लागतील, आणि अमावास्येला सगळी माणसं काठावर लावली तर बाकीच्या रात्री तट उघडा पडेल. अपुऱ्या बांधकामाच्या दोन जागा मी त्याच्या नकाशावर दाखवल्या आहेत, समोरच्याच्या नकाशावर नाहीत.

रविवारी दोन डाव. सैन्य दोन्ही डावांत तेच, होड्याही तेवढ्याच. पहिल्या डावात तिथी मराठ्यांनी निवडायची, दुसऱ्यात मी अष्टमी लादणार. तोवर उरलेली होडकी रंगवून व्हायला हवीत, आणि काकांना जेवायला बोलवायचंय, खेळ बघायला.